बास्केटबॉल खेळलेला माणूस पुढे चांगला वकील आणि राजकारणी होऊ शकतो का?

होतो की! अमेरिकेतल्या ॲरिझोनाचे मॉरिस उर्फ मो युडॉल बघा. लहानपणी मित्राच्या चाकूने उजवा डोळा गेला. काचेचा डोळा बसवून ते विद्यापीठाकडून खेळले, १९४८-४९ च्या मोसमात डेन्व्हर नगेट्सकडून (आजचा याच नावाचा संघ वेगळा) व्यावसायिक बास्केटबॉल खेळले आणि १९४९ मध्ये कायद्याची पदवी घेतली. मग टूसॉनला भावाबरोबर वकिली, पिमा काउंटीचे सरकारी वकील, आणि १९६१ ते १९९१ अशी तीस वर्षं अमेरिकेच्या प्रतिनिधिगृहात.

"खेळाडू म्हणजे डोकं कमी" हे मी वकिलीत फार ऐकलंय, म्हणून लिहितेय. मी विद्यापीठाच्या बास्केटबॉल संघात गार्ड (मागच्या फळीतली खेळाडू) होते. ज्या सिनिअरांकडे ज्युनिअर म्हणून गेले, त्यांनी बायोडेटातली तीच ओळ पेनाने खोडली. म्हणाले, अशिलाला वाटेल हिचा अभ्यास कमी झालाय. आमचे कोच सांगायचे, अडवताना समोरच्याच्या डोळ्यांकडे बघू नकोस, कमरेकडे बघ. माणूस डोळ्यांनी हुलकावणी देतो, कमरेला ते जमत नाही. उसनवारीच्या एका दाव्यात पहिल्यांदाच उलटतपासणी माझ्यावर आली. साक्षीदार खणखणीत आवाजात बोलत होता, पण पावतीच्या तारखेचा विषय निघाला की त्याचा हात फाईलच्या दोरीशी चाळा करायचा. तयार प्रश्न बाजूला ठेवले आणि तारखेलाच धरून बसले. शेवटी तो म्हणाला, पावती नंतर लिहिली. बाहेर आल्यावर सिनिअर म्हणाले, नशीब चांगलं. नशीब नव्हतं ते, सर. मैदानावरच्या वर्षानुवर्षांच्या डिफेन्सची सवय होती.

राजकारणात याहून मोठी गोष्ट लागते: हरल्यावर परत उभं राहणं. १९७६ मध्ये डेमोक्रॅटिक पक्षाच्या राष्ट्राध्यक्षपदाच्या उमेदवारीसाठी युडॉल जिमी कार्टरांविरुद्ध लढले. विस्कॉन्सिन राज्याच्या प्रायमरीत (पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या मतदानात) रात्री त्यांचा विजय जाहीर झाला आणि पहाटेपर्यंत निकाल फिरला. दुसरा कुणी आयुष्यभर कुढला असता. हे सभागृहात परतले, १९७७ मध्ये सरकारी जमिनींचं काम पाहणाऱ्या अंतर्गत व्यवहार समितीचे अध्यक्ष झाले आणि अलास्कातली दहा कोटी एकरांहून जास्त जमीन राखणाऱ्या कायद्यासाठी झटले. १९८० मध्ये त्यावर सही केली ती राष्ट्राध्यक्ष झालेल्या कार्टरांनीच. ज्याने हरवलं त्याच्याच सहीने आपलं काम तडीस नेणं मैदानावर हरायची सवय असलेल्यालाच जमतं, असं माझं ठाम मत आहे.

तेव्हा बायोडेटातून खेळ काढू नका, कुणीही सांगितलं तरी. मात्र युडॉल यांना प्रतिनिधिगृहातली जागा मिळाली ती थोरले भाऊ स्ट्युअर्ट राष्ट्राध्यक्ष केनेडींच्या मंत्रिमंडळात गेल्यामुळे. पोटनिवडणूक भावाच्याच रिकाम्या झालेल्या मतदारसंघाची होती. घरात असं कुणी नसेल तर आधी वकिलीत पाय रोवा, निवडणुकीचं नंतर बघा.