वाचकांचे प्रश्न : गटार आराखड्यात का येत नाही?

प्रश्न : बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात ग्रामपंचायत सदस्य आहे. वॉर्डातल्या गटाराचं काम सभेत दोनदा बोललो, तरी आराखड्यात नाही. कुठं अडतंय?

उत्तर : तोंडी बोललेलं इतिवृत्तात येईलच असं नाही, तिथंच बहुतेक कामं बुडतात. कर्नाटकच्या 1993च्या पंचायत कायद्याप्रमाणे वॉर्डसभा सहा महिन्यांतून एकदा तरी व्हायला हवी. तिथं ठराव घ्या, मग तो ग्रामसभेत न्या. ठरावात ‘गटार करावी’ एवढंच नको. कोणाच्या घरापासून कुठंपर्यंत, लांबी किती मीटर, पाणी शेवटी कुठं सोडणार, हे लिहा. शेवटचा मुद्दा राहिला की शेजारचा शेतकरी हरकत घेतो आणि काम थांबतं. मराठी अर्जाला कन्नड प्रत जोडा. पीडीओंच्या (पंचायत विकास अधिकाऱ्यांच्या) टेबलावर कागद लवकर हलतो, यात कमीपणा मानू नये. पोच घ्या. इतिवृत्त वाचून घेतल्याशिवाय सही नको.

निधीचंही बघा. 15व्या वित्त आयोगाच्या अनुदानात (2021-26) 60 टक्के रक्कम पाणी-स्वच्छतेसाठी बांधील होती, उरलेले 40 टक्के स्थानिक गरजेला. पण पगारासाठी नाही. सांडपाण्याचं काम कोणत्या हिश्श्यात बसवलंय, हे पीडीओंना लेखी विचारा.