शेल्टरमधलं मोठं झालेलं कुत्रं किंवा मांजर घरात रुळतं का, लळा लावतं का?

तुमचा प्रश्न असा आहे: पुण्यात दोन बेडरूमचा फ्लॅट, घरात सासूबाई आणि आठ वर्षांची मुलगी. मुलीला कुत्रं किंवा मांजर हवंय. विकत न घेता रेस्क्यू केलेलं दत्तक घ्यायची तुमची तयारी आहे, पण जो तो सांगतो की मार खाल्लेली जनावरं बिथरलेली असतात, त्यांना घराचा लळा लागत नाही. तेव्हा घ्यायचंच तर निदान अगदी लहान पिल्लू घ्यावं का?

लळा लागतो, आणि असा लागतो की गावाला जायचं म्हटलं तरी आधी त्याची सोय बघावी लागते. पण माझं ऐकाल तर पिल्लू घेऊ नका, चांगलं मोठं झालेलं जनावर घ्या.

आम्ही डोंबिवलीला राहतो. आमच्याकडे चिंगी नावाची कुत्री आहे आणि मुकादम नावाचा बोका. चिंगीचा मागचा एक पाय रेल्वेच्या रुळांवर गेला. मुकादमला एकच डोळा आहे, दुसरा लहानपणीच्या सर्दीत गेला. मांजरांच्या पिल्लांत ही सर्दी फार पसरते, डोळे चिकटतात, आणि वेळेवर औषध मिळालं नाही तर डोळा कायमचा जातो. दोघंही आमच्याकडे आली ती पूर्ण वाढ झाल्यावर. गोंडस म्हणून कुणी उचलून न्यावं, असं वय कधीच मागे पडलं होतं.

चिंगी आली ती सरळ वॉशिंग मशीनच्या मागे शिरली. आम्ही समोर असेपर्यंत खाण्याला तोंड लावायची नाही. रात्री दिवे मालवले की ताटली चाटल्याचा आवाज यायचा. मी केर काढायला झाडू उचलला की जागच्या जागी मुतायची. कुणी मारलं असेल, कशाने मारलं असेल, ते आम्हाला कधीच कळणार नाही. आम्ही तिच्या मागे लागलो नाही, एवढंच केलं. मी भाजी निवडायला तिच्यापासून थोड्या अंतरावर जमिनीवर बसायचे, तिच्याकडे पाठ करून. मेथी निवडता निवडता उकडलेल्या अंड्याचा तुकडा मागे सरकवायचा आणि वळून बघायचं नाही. बरेच दिवस तुकडा मी उठल्यावरच नाहीसा व्हायचा. मग एकदा मी बसलेली असतानाच तो उचलला गेला आणि तिच्या मिशा माझ्या बोटांना लागल्या. आणि एका संध्याकाळी नवरा कामावरून येऊन दारात बुटांचे बंद सोडत होता, तेव्हा तिच्या शेपटीचं टोक हललं. शेपटी नाही, फक्त टोक. तो एक बूट पायात तसाच ठेवून कितीतरी वेळ खाली बसून राहिला.

आता ती पंख्याखाली उताणी, तिन्ही पाय वर करून झोपते आणि घोरते. ज्या घराची भीती वाटते तिथे कुत्रं पोट उघडं टाकून झोपत नाही. तिला तसं झोपलेलं बघते तेव्हा हातातलं काम थांबतं. पिल्लू पहिल्या दिवसापासून अंगाशी खेळतं, कारण त्याला अजून कुणी दुखावलेलं नसतं. चिंगीला माणसं कशी वागू शकतात ते पुरतं माहीत होतं, आणि तरी ती आपणहून जवळ आली. हा आनंद मला दुसऱ्या कशात मिळालेला नाही.

शेल्टरवाले तीन दिवस, तीन आठवडे, तीन महिने असा हिशेब सांगतात. भीती ओसरायला तीन दिवस, घराच्या वेळा कळायला तीन आठवडे, हे आपलं घर आहे असं वाटायला तीन महिने. ढोबळ अंदाज म्हणून ठीक आहे. चिंगीला याहून बराच जास्त वेळ लागला, मुकादमला कमी.

मांजराचं तंत्र वेगळं. आल्या आल्या त्याला सगळं घर मोकळं देऊ नका. एक खोली, रेतीचा ट्रे, पाणी, आणि लपायला पुठ्ठ्याचं खोकं एवढंच द्या. मुकादम खोक्यातून बाहेर आला तो थेट सेट टॉप बॉक्सवर जाऊन बसला, कारण तो गरम असतो. ती जागा अजून त्याचीच आहे. मांजर तुमच्याकडे बघून सावकाश डोळे मिटतं तेव्हा ते निर्धास्त असतं. आपणही तसेच हळू मिटायचे. हा एका डोळ्याने करतो. आणि रात्री सासूबाईंच्या गोधडीवर चढून दोन्ही पुढच्या पंजांनी पीठ मळल्यासारखं करत घुरघुरतो. माझ्या सासूबाईंचं आधी म्हणणं होतं, ‘दत्ताच्या पायाशी कुत्री शोभतात, आपल्या घरात नकोत.’ देवघरात जनावर जाणार नाही एवढी अट आम्ही पाळली, अजून पाळतो. आता चिंगीचा भात त्याच शिजवतात: मीठ नाही, लाल भोपळ्याची फोड, वर अंडं. कुणी पाहुणा तिला काही घालायला लागला की स्वयंपाकघरातून आवाज येतो, ‘कांदा नाही ना त्यात?’ त्यांचं बरोबर आहे. कांदा, लसूण, द्राक्षं, मनुका, चॉकलेट हे कुत्र्याला विष आहे. मांजराला तर आपली तापाची पॅरासिटामॉलची एक गोळीसुद्धा जिवावर बेतू शकते. तुमच्या सासूबाईंची संमती आधीच घ्या, हे मी कळकळीने सांगते. दिवसभर घरात त्याच असणार, आणि पुढे जनावर बहुतेक त्यांच्याच खोलीत मुक्काम करणार.

आता मोठं का, ते सांगते. रस्त्यावरच्या कुत्र्यांसाठीचे नियम २००१ साली आले आणि २०२३ मध्ये नव्याने आले. त्यांचा गाभा असा की कुत्रं पकडायचं, नसबंदी करायची, रेबीजची लस द्यायची, ओळखीसाठी कानाला छोटी खाच पाडायची आणि जिथून उचललं तिथेच परत सोडायचं. (चिंगीच्या कानालाही ती खाच आहे. मुलं विचारतात कुणी चावलं का म्हणून.) म्हणजे धडधाकट, आपल्या गल्लीत रमलेलं कुत्रं शेल्टरमध्ये सहसा अडकून पडत नाही. मागे राहतात ती परत सोडता न येणारी: पाय गेलेली, आंधळी, अपघातातून वाचलेली. आणि दुसरी असतात ती माणसांनी टाकलेली. बदली झाली, बाळ झालं, कुत्रं म्हातारं झालं म्हणून सोडलेले लॅब्रॅडॉर, हौसेने आणून आपल्या उकाड्यात सांभाळता न आलेले हस्की, अंगावरच्या केसांच्या गाठी झालेली पर्शियन मांजरं. त्यांना घर म्हणजे काय ते ठाऊक असतं. फाटक वाजलं की ती जाळीशी येऊन उभी राहतात. येणारी माणसं त्यांच्यावरून नजर फिरवतात आणि विचारतात, पिल्लं कुठे आहेत? मला त्याचं फार वाईट वाटतं.

तुमच्या मुलीसाठीही मोठंच बरं. दोन महिन्यांच्या पिल्लाच्या लशी पूर्ण झालेल्या नसतात. पार्वो हा विषाणूचा आजार झाला तर उलट्या, रक्ताचे जुलाब, आणि काही दिवसांत पिल्लू हातचं जातं. तो विषाणू मातीत महिनोन्महिने तग धरतो. घरात आणलेलं पिल्लू त्याच आठवड्यात दगावलं, तर आठ वर्षांच्या पोरीला ते काय सांगणार? शिवाय पिल्लू दर थोड्या वेळाने मुततं, दात शिवशिवतात म्हणून चावतं, आणि पुढे केवढं होईल, कसल्या स्वभावाचं होईल, हे कुणीच सांगू शकत नाही. मोठ्या जनावराचं तसं नसतं. त्याचा स्वभाव शेल्टरमधली रोज खायला घालणारी माणसं नेमका सांगतात. त्यांना सरळ विचारा: लहान मुलांबरोबर राहिलंय का? ताटलीजवळ गेलं तर गुरगुरतं का? फटाक्यांना, पुरुषांच्या आवाजाला घाबरतं का? ‘हे तुमच्या घरी नको’ असं त्यांनी सांगितलं तर वाईट वाटून घेऊ नका, तो त्यांचा अनुभव बोलतो.

लशींचं कार्ड मागा. रेबीजची लस दरवर्षी द्यावीच लागते, यात सूट नाही. एकदा लक्षणं दिसली की रेबीजमधून माणूस जवळजवळ कधीच वाचत नाही, पण लस वेळेवर घेतली तर तो पूर्ण टाळता येतो. मुलीला शिकवून ठेवा: ते खात असताना आणि झोपलेलं असताना हात लावायचा नाही, मिठी मारायची नाही, ते जवळ आलं तर हनुवटीखाली खाजवायचं. कुणाचंही कुत्रं किंवा मांजर चावलं, नुसता दात लागला तरी, लपवायचं नाही. जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवायची आणि त्याच दिवशी डॉक्टर गाठायचा. घरी आणल्यावर कुत्र्याने खाणं टाकलं, हिरड्या पांढुरक्या दिसल्या, अंग तापलं तर गोचीड ताप असू शकतो. आपल्याकडे तो सर्रास होतो, लवकर रक्त तपासलं तर बहुतेक वेळा औषधाने बरा होतो.

पुण्यात रेस्क्यू चॅरिटेबल ट्रस्ट २००७ पासून हे काम करतो आहे, तिथून दत्तक घेता येतं. मुंबईत कुणी असेल तर परळचं बाई साकरबाई दिनशॉ पेटिट रुग्णालय आहे, ज्याला आम्ही मुंबईकडची माणसं बैलघोड्याचं हॉस्पिटल म्हणतो. १८८० च्या दशकापासून तिथे जनावरांवर उपचार होतात. संस्था फॉर्म भरून घेतात, ओळखपत्र मागतात, घर बघायला येतात, नंतर फोटोही मागतात. काहींना ते अपमानास्पद वाटतं. मला उलट धीर आला होता, कारण जी माणसं इतकं विचारतात त्यांनी त्या जिवासाठी आधी किती केलं असेल. सोसायटीची काळजी करू नका. पाळीव प्राण्यांवर सरसकट बंदी सोसायटीला घालता येत नाही. महापालिकेचा परवाना मात्र काढून ठेवा, आणि जिन्यातली घाण आपण उचलायची. मांजर घेतलंत तर ते येण्याआधी खिडक्यांना आणि बाल्कनीला जाळी बसवून घ्या. मांजर कुठूनही पडलं तरी पायांवर उतरतं, या समजुतीपायी वरच्या मजल्यांवरून किती तरी मांजरं जातात.

कुत्रं की मांजर, हे मुलीला एकटीला ठरवू देऊ नका. घरात सकाळ-संध्याकाळ फिरवायला नेणारं, पावसातही नेणारं माणूस नसेल तर मांजर घ्या. असेल तर कुत्रं घ्या, आणि आपलं गावठीच घ्या. आखूड केस, आपल्या हवेला सरावलेलं, आणि हुशार तर इतकं की चिंगी आमच्या मजल्यावर थांबणाऱ्या लिफ्टचा आवाज ओळखते. शेल्टरमध्ये पहिल्या भेटीतच निर्णय करू नका. दोनतीनदा जा, मुलीला नुसतं जाळीपाशी बसू दे, गोष्टीचं पुस्तक मोठ्याने वाचू दे. कुठलं तरी एक जनावर हळूहळू जवळ सरकेल.

एक शेवटचं. दिवाळी तोंडावर आली असेल तर थांबा. नवं घर, नवी माणसं आणि वर लवंगी-सुतळी बॉम्ब, यात घाबरून पळालेली कितीतरी कुत्री दर दिवाळीत हरवतात, आणि नव्या जनावराला तर परत यायचा रस्ताही ठाऊक नसतो. भाऊबीज होऊ दे, फटाके थांबू देत, मग आणा.