बाईंना विचारा : दिवाळीच्या आत उरकायची कामं

प्रश्न : बाई, मी बीड जिल्ह्यातल्या एका माध्यमिक शाळेत मराठी आणि इतिहास शिकवतो. नववी-दहावीची मिळून ९४ मुलं आहेत. त्यातल्या निम्म्याहून जास्त मुलांचे आईवडील दिवाळी झाली की कोयत्याला, म्हणजे ऊसतोडीला जातात. यंदा मुख्याध्यापकांनी ‘विद्यार्थी मार्गदर्शन कक्ष’ माझ्याकडे सोपवला. कक्ष म्हणजे फक्त फलकावरचं नाव. खोली नाही, पैसे नाहीत, समुपदेशक नाही. आजवर जानेवारीत एका पाहुण्यांचं करिअरवर व्याख्यान व्हायचं, फोटो निघायचे, संपलं. मला खरंच काहीतरी करायचं आहे. सुरुवात कुठून करू?
— एक शिक्षक

उत्तर : सर, व्याख्यान ठेवायचंच असेल तर ठेवा, पण त्याच्यावर विसंबू नका. जानेवारीत तुमच्या मुलांचे आईवडील सांगली-कोल्हापूरकडे नाहीतर कर्नाटकात उसाच्या फडावर असतात. पोरगं घरी आजीजवळ. व्याख्यान ऐकून त्याला कितीही हुरूप आला तरी घरी जाऊन ते सांगणार कुणाला?

मी पाथर्डी तालुक्यात २८ वर्षं गणित शिकवलं. तिथूनही गावंच्या गावं कारखान्याला जातात. माझ्या वर्गात एक मुलगी होती. गावचा पाझर तलाव फुटला तेव्हा मोजमाप घ्यायला आलेल्या साहेबांच्या मागे ती दिवसभर टेपचं टोक धरून हिंडली. तेव्हापासून तिचं एकच, पॉलिटेक्निकला जाऊन सिव्हिल करायचं. दहावीला ८६ टक्के पडले. आम्ही पेढे खाल्ले. फॉर्म भरायची वेळ आली तेव्हा कळलं, जातीचा दाखलाच काढलेला नाही, मग नॉन-क्रीमिलेअर कुठला? वडील नुकतेच फडावरून आलेले, मुकादमाकडून आगाऊ घेतलेली उचल फिटलेली नाही. कागद हातात पडेपर्यंत प्रवेशाच्या फेऱ्या संपल्या, आणि सवलतीशिवाय फी भरणं त्या घराला शक्यच नव्हतं. पुढच्या लग्नसराईत तिचं लग्न झालं. आता ती स्वतः कोयत्याला जाते. मी तिला पायथागोरस शिकवला, पण दाखला आधी काढून ठेवायचा असतो हे दोन वर्षांत एकदाही सांगितलं नाही. त्याचं दुःख मला आजही आहे, म्हणून तुम्हाला कागदांपासूनच सुरुवात करायला सांगते.

एक जाड वही घ्या, प्रत्येक मुलाला एक पान. नाव आधारवर, शाळेच्या जनरल रजिस्टरवर आणि बोर्डाच्या यादीत सारखंच लिहिलंय का, हे आधी बघा. मग जातीचा दाखला. याला सर्वांत वेळ लागतो, कारण जुना पुरावा लागतो. अनुसूचित जातींना १९५०, विमुक्त-भटक्यांना १९६१ आणि ओबीसींना १९६७ च्या आधीचा. म्हणजे आजोबांच्या शाळेचा उतारा शोधायचा, आणि ती शाळा कुठली हे बहुतेक वेळा फक्त बापाला माहीत असतं. बाप गेला की ते काम एप्रिलपर्यंत थांबलंच म्हणायचं. म्हणून हे आणि वय-अधिवास प्रमाणपत्र दिवाळीच्या आत सेतू केंद्रात गेलं पाहिजे. उत्पन्नाच्या दाखल्याची मात्र घाई करू नका. त्याची मुदत ३१ मार्चला संपते, ऑक्टोबरात काढलेला दाखला जूनमध्ये चालत नाही. तो एप्रिलमध्ये, आईवडील परतले की लगेच काढायचा. नॉन-क्रीमिलेअर किती वर्षांचा मिळालाय ते त्याच्यावरच वाचून वहीत लिहा.

आणि मोबाइल नंबर! २०२५ पासून अकरावीचे प्रवेश राज्यभर ऑनलाइन झाले. खेड्यातल्या पोरालाही आता पोर्टलवर दहापर्यंत पसंतीक्रम भरावे लागतात. ओटीपी येतो बापाच्या फोनवर, आणि तो फोन कधी डिस्चार्ज, कधी रेंजबाहेर. कुठला नंबर चालू आहे, तो कुणाजवळ असतो, हे पानावर हवंच. पसंतीक्रम नेट कॅफेवाल्याला भरू देऊ नका. पहिल्या पसंतीचं कॉलेज लागलं तर तिथे प्रवेश घ्यावाच लागतो, नाहीतर पुढच्या नियमित फेऱ्यांतून मूल बाहेर पडतं. एसटी न जाणाऱ्या गावचं कॉलेज पहिल्या नंबरवर टाकलं तर ती मुलगी आठ दिवसांत घरी बसेल. मुलींना बारावीपर्यंत एसटीचा पास मोफत आहे, तेव्हा एसटीचं वेळापत्रक समोर ठेवूनच पसंती ठरवा. शहरात ठेवायची वेळ आली तर ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी संत भगवानबाबा वसतिगृहं आहेत, समाजकल्याणची आहेत. त्यांची चौकशी निकालाच्या आधी करा. आठवीला एनएमएमएस शिष्यवृत्ती मिळालेल्यांची नावं वेगळी काढा. बारावीपर्यंत वर्षाला १२,००० रुपये मिळतात, पण दरवर्षी नूतनीकरण करावं लागतं, आणि ते विसरलं म्हणून पैसे बुडालेली मुलं मी पाहिली आहेत.

पानाचा खालचा अर्धा भाग कोरा ठेवा. तिथे हळूहळू लिहायचं : हंगामात घरी कोण असतं, स्वयंपाक कोण करतं, धाकटी भावंडं किती, याला काय करायला आवडतं. हे वर्गात विचारू नका, कुणी खरं सांगणार नाही. शनिवारी सकाळची शाळा सुटली की एक तास एका ठरलेल्या जागी बसा. झाडाखाली बसलात तरी चालेल, पण शनिवार चुकवू नका. पहिले तीन-चार आठवडे कुणी फिरकणार नाही. मग एखादा बोनाफाइड मागायच्या निमित्ताने येईल, दहा मिनिटं घुटमळेल, आणि जाता जाता खरं ते बोलेल. माझ्याकडे एक मुलगा कंपास दुरुस्त करून द्या म्हणत तीनदा आला. चौथ्यांदा म्हणाला, रात्री घरात एकट्याला झोप येत नाही.

अशा वेळी उपदेश नको, ऐका. आपल्या आवाक्याबाहेरचं वाटलं तर ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालयात किशोरवयीनांसाठी ‘मैत्री’ क्लिनिक असतं, तिथल्या समुपदेशकांची ओळख आधीच करून घ्या. ऑक्टोबर २०२२ पासून मानसिक त्रासात मदत करणाऱ्या सरकारी टेलिमानसचा १४४१६ हा नंबर चालू आहे. चोवीस तास, फुकट, मराठीत बोलता येतं. तो फळ्याच्या कोपऱ्यात कायम लिहून ठेवा. एखादी मुलगी हंगामाच्या तोंडावर अचानक यायची थांबली तर त्याच दिवशी घरी जा. पोरीला एकटं मागे ठेवायच्या भीतीने आईवडील लग्न उरकतात. ते वाईट नसतात, घाबरलेले असतात. मुलीची सोय कुठे होईल हे तुम्ही सांगू शकलात तर पुष्कळ वेळा ऐकतात. नाही ऐकलं तर गावचा ग्रामसेवक हाच बालविवाह प्रतिबंधक अधिकारी असतो, आणि मुलांसाठीची १०९८ ही हेल्पलाइन आहे.

समुपदेशक नाही म्हणता, तर मुख्याध्यापकांना लेखी अर्ज द्या. जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलंय की १०० किंवा जास्त विद्यार्थी असलेल्या शिक्षणसंस्थेत किमान एक प्रशिक्षित समुपदेशक हवा, आणि त्याहून लहान संस्थेने बाहेरच्या तज्ज्ञाशी रीतसर जोडून घ्यावं. अर्जाची पोच घ्या.

करिअरचं म्हणाल तर राज्य शासनाचं महाकरिअर पोर्टल २०२० पासून आहे, विद्यार्थ्याच्या सरल आयडीने उघडतं. मुलांच्या शेजारी बसून दाखवा. पण त्याहून जास्त उपयोग झाला तो तालुक्याच्या आयटीआयच्या फेरीचा. आम्ही ४० मुलं एसटीने नेली. लेथ चालताना पाहून एक पोरगा तिथून हलेना. आणि पाहुणा हवाच असेल तर तुमच्याच शाळेतून शिकून गेलेली नर्स बोलवा, वायरमन बोलवा. पहिल्या वर्षी खोलीचं भाडं कसं भागवलं, हे त्यांना विचारायला मुलं लाजत नाहीत.

प्रश्न : बाई, मी दहावीत गणित आणि इंग्रजीत नापास झालो. घरचे म्हणतात आता ऊसच तोड. मला कुणाला तोंड दाखवावंसं वाटत नाही.
— एक विद्यार्थी

उत्तर : बाळा, तू पत्र लिहिलंस हे फार चांगलं केलंस. आता वेळ घालवू नकोस. पुरवणी परीक्षेचा फॉर्म शाळेतून भर, शाळेत जायची लाज वाटत असेल तर एखाद्या मित्राला सोबत ने. दोनच विषय राहिले असतील तर एटीकेटीवर अकरावीलाही प्रवेश मिळतो. तारेवरचं, लाकडाचं किंवा वेल्डिंगचं काम आवडत असेल तर आयटीआयमध्ये दहावी नापासांसाठीही काही ट्रेड आहेत, तिथे जाऊन यादी बघ. गणितात आधी बीजगणितातली एकसामयिक समीकरणं आणि सांख्यिकी पक्की कर, त्यांतले मार्क हमखास हाती येतात.

रात्री फार जड वाटलं, जगू नये असं मनात आलं, तर एकटा बसू नकोस. घरात कुणालाही उठव, आणि १४४१६ ला फोन कर. पुरवणीचा निकाल लागला की मला पुन्हा लिही, कसाही लागला तरी.