वाचकांचे प्रश्न : पिढ्यान्पिढ्या शाळेच्या मैदानावर

प्रश्न : अमेरिकेतील हायस्कूलच्या खेळांबद्दल वाचताना ‘या कुटुंबाचे शाळेच्या क्रीडाजीवनात मोठे योगदान आहे’ असे उल्लेख वारंवार आढळतात. एखाद्या कुटुंबाचे योगदान म्हणजे नेमके काय, हे एखाद्या खऱ्या उदाहरणावरून समजावून सांगाल का? शालेय खेळांना तिकडे इतके महत्त्व का, तेही थोडक्यात सांगावे.

उत्तर : दुसऱ्या भागाचे उत्तर आधी देतो. युरोपात मुलांना खेळात घडवण्याचे काम प्रामुख्याने क्लब करतात. अमेरिकेत ते बऱ्याच अंशी शाळांनी आपल्याकडे घेतले. नववी ते बारावीच्या मुलामुलींचे संघ शाळेच्या नावाने उतरतात, प्रत्येक राज्यात या स्पर्धांचे नियमन करणारी संघटना असते आणि अशा राज्य संघटनांचा राष्ट्रीय महासंघ 1920 पासून अस्तित्वात आहे. संघाचे प्रशिक्षक बहुधा त्याच शाळेतले शिक्षक असतात आणि या कामासाठी त्यांना पगाराखेरीज लहानसे मानधन मिळते. एवढ्याशा मोबदल्यात कोणी चाळीस वर्षे टिकून राहतो, तेव्हा त्यामागे त्याचे घरही उभे असते. म्हणूनच तिकडे व्यक्तीबरोबर कुटुंबाचाही उल्लेख होतो.

उदाहरण द्यायचे तर न्यू जर्सी राज्यातील जर्सी सिटी येथील हर्ली कुटुंबाचे देईन. बॉब हर्ली यांनी सेंट अँथनी हायस्कूलच्या बास्केटबॉल संघाचे मुख्य प्रशिक्षकपद 1972 मध्ये स्वीकारले आणि 2017 मध्ये शाळा बंद होईपर्यंत ते सोडले नाही. त्यांची उपजीविकेची नोकरी प्रोबेशन अधिकाऱ्याची होती. म्हणजे गुन्ह्यात अडकलेल्यांवर न्यायालयाच्या वतीने देखरेख ठेवायची, आणि त्यानंतरचा वेळ त्याच शहरातील मुलांना सरावासाठी द्यायचा. आपल्या संघातली मुले दिवसा आपल्यासमोर येणाऱ्यांच्या वाटेने जाऊ नयेत, ही तळमळ त्यांच्या कठोर शिस्तीच्या मुळाशी होती, असे मला वाटते.

फेलिशियन संप्रदायाच्या भगिनी चालवत असलेली ही शाळा लहान आणि सतत आर्थिक ओढाताणीत होती. राज्यभर दबदबा असलेल्या या संघाकडे स्वतःचे बास्केटबॉल कोर्टही नव्हते. मुलांचा सराव अनेक वर्षे व्हाइट ईगल हॉल या जुन्या सभागृहात चाले, जिथे एरवी बिंगोचे खेळ होत. सामनेही दुसऱ्यांच्या जागेत भरवावे लागत. अशा परिस्थितीत संघाने राज्य पातळीवरील 28 अजिंक्यपदे मिळवली, हजारांहून अधिक सामने जिंकले, आणि 2010 मध्ये हर्ली यांचा नेस्मिथ बास्केटबॉल हॉल ऑफ फेममध्ये, म्हणजे या खेळातील मान्यवरांच्या सन्मानयादीत, समावेश झाला. केवळ शालेय संघांना शिकवून तिथे पोहोचलेले प्रशिक्षक अगदी मोजके आहेत. महाविद्यालयांकडून बोलावणी येऊनही ते शाळेतच राहिले.

आता कुटुंबाकडे वळू. त्यांच्या पत्नी क्रिस सामन्यांच्या वेळी स्कोअरबुक लिहीत. हे काम बाहेरून किरकोळ दिसते, पण प्रत्येक बास्केट, प्रत्येक फाउल आणि प्रत्येक टाइमआउट त्याच क्षणी अचूक नोंदवावा लागतो. पाचवे फाउल झालेला खेळाडू मैदानाबाहेर जातो, त्यामुळे नोंद चुकली तर सामन्याचे पारडे फिरू शकते. थोरला मुलगा बॉबी वडिलांच्याच हाताखाली खेळला आणि 1989 मध्ये अपराजित संघाचा खेळाडू म्हणून शाळेतून बाहेर पडला. पुढे त्याने ड्यूक विद्यापीठाला 1991 आणि 1992 अशी सलग दोन राष्ट्रीय विजेतेपदे मिळवून देण्यात मोलाचा वाटा उचलला, आणि महाविद्यालयीन कारकिर्दीतील त्याचा 1,076 असिस्ट्सचा (सहकाऱ्याला बास्केट करता येईल अशा पासांचा) विक्रम काही दशके टिकला. धाकटा डॅन याच शाळेत खेळला. पुढे प्रशिक्षक म्हणून त्याने कनेक्टिकट विद्यापीठाच्या संघाला 2023 आणि 2024 मध्ये राष्ट्रीय विजेते केले.

तुम्ही विचारले आहे ते शालेय खेळांतील योगदान, म्हणून डॅन यांच्या कारकिर्दीचा एक कमी परिचित टप्पा मला अधिक महत्त्वाचा वाटतो. 2001 ते 2010 या काळात ते नेवार्क शहरातील सेंट बेनेडिक्ट्स प्रेप या शाळेचे प्रशिक्षक होते आणि त्यांनी त्या संघाला देशातल्या नामांकित शालेय संघांच्या पंक्तीत नेऊन बसवले. एका शाळेत रुजलेली शिस्त आणि सरावाची पद्धत मुलाने शेजारच्या शहरातल्या दुसऱ्या शाळेत नेली. सेंट अँथनी 2017 मध्ये पैशांअभावी बंद पडली, पण तोपर्यंत तिथला वारसा त्या इमारतीपुरता उरलाच नव्हता.

प्रश्न : वडील प्रशिक्षक आणि मुलगा संघात, ही घराणेशाही नव्हे का? इतर मुलांवर अन्याय होत नसेल का?

उत्तर : शंका रास्त आहे, आणि अन्याय होतही असतो. अमेरिकेत शालेय संघांबाबत पालकांची ही नेहमीची तक्रार आहे, त्यामुळे तिला उडवून लावण्यात अर्थ नाही. मी स्वतः एवढेच पाहतो की त्या प्रशिक्षकाच्या हाताखालून दुसऱ्यांची किती मुले पुढे गेली. एखाद्याच्या चाळीस वर्षांच्या कारकिर्दीत फक्त स्वतःचीच मुले नावारूपाला आली असतील, तर तुमचा संशय खरा समजावा. 1989 च्या ज्या संघात बॉबी हर्ली होता, त्याच संघातला टेरी डिहेअर सीटन हॉल विद्यापीठातून पुढे एनबीए या व्यावसायिक बास्केटबॉल लीगपर्यंत पोहोचला, आणि त्यानंतरच्या काळातही सेंट अँथनीतून महाविद्यालयीन शिष्यवृत्ती मिळवून बाहेर पडणाऱ्या मुलांचा ओघ थांबला नाही. यांपैकी बहुतेकांचे हर्ली घराण्याशी कसलेही नाते नव्हते.

या प्रश्नाची दुसरी बाजू क्वचितच बोलली जाते. घराण्याच्या नावाचा भार त्या मुलांनाही वाहावा लागतो. डॅन हर्ली सीटन हॉल विद्यापीठात खेळत असताना, वडिलांच्या आणि भावाच्या कीर्तीशी होणाऱ्या सततच्या तुलनेने इतके खचले की 1993 मध्ये हंगामाच्या सुरुवातीलाच त्यांनी संघापासून काही काळ फारकत घेतली. याविषयी ते पुढे मोकळेपणाने बोलले आहेत. शालेय खेळांतील कुटुंबांचा गौरव करताना या गोष्टीचीही नोंद व्हायला हवी, कारण हुशार बापाच्या पोटी जन्मलेल्या मुलाला प्रेक्षक कधीच त्याच्या स्वतःच्या वयाचा खेळाडू म्हणून पाहत नाहीत.

प्रश्न : हर्लींखेरीज अशी आणखी कुटुंबे आहेत का?

उत्तर : पुष्कळ आहेत, दोनच सांगतो. मेरीलँडमधील डिमॅथा शाळेचे मॉर्गन वूटन 1956 ते 2002 या काळात तिथे प्रशिक्षक होते आणि त्यांच्या नावावर 1,274 विजय आहेत. पुढे करीम अब्दुल जब्बार या नावाने विख्यात झालेले लू अल्सिंडर न्यूयॉर्कच्या पॉवर मेमोरियल शाळेकडून खेळत असताना त्या संघाची सलग 71 विजयांची मालिका वूटन यांच्या मुलांनी 1965 मध्ये 46 विरुद्ध 43 अशी खंडित केली. सात फुटी अल्सिंडरच्या हातांवरून चेंडू कसा टाकायचा हे शिकवण्यासाठी वूटन यांनी सरावात बचाव करणाऱ्या खेळाडूच्या हाती टेनिसची रॅकेट उंच धरायला दिली होती. त्यांचे चिरंजीव ज्यो व्हर्जिनियातील बिशप ओकॉनेल शाळेत प्रशिक्षक झाले.

टेक्सासमधील फोर्ट वर्थ येथील रॉबर्ट ह्यूज यांची वाट अधिक खडतर होती. वर्णभेदाच्या काळात ते आय. एम. टेरेल या कृष्णवर्णीय मुलांच्या शाळेत शिकवत होते. श्वेतवर्णीय शाळांच्या स्पर्धांची दारे त्यांच्या मुलांना बंद असल्यामुळे कृष्णवर्णीय शाळांच्या वेगळ्या लीगमध्ये त्यांनी तीन अजिंक्यपदे मिळवली. 1973 मध्ये ती शाळा बंद झाल्यावर ते डनबार शाळेत गेले, तिथे 1993 आणि 2003 मध्ये राज्य विजेतेपद पटकावले, आणि 2005 मध्ये निवृत्त झाले तेव्हा त्यांच्या खात्यावर 1,333 विजय होते. त्यांच्यानंतर डनबारची धुरा त्यांच्याच नावाच्या मुलाने सांभाळली.

प्रश्न : आपण सांगितलेली सर्व उदाहरणे पुरुषांची आहेत. मुलींच्या खेळात कुटुंबांनी काही केले नाही का?

उत्तर : केले, आणि अनेकदा जास्त किंमत मोजून केले, कारण मुलींना संघच उपलब्ध नव्हते. 1971-72 या वर्षात अमेरिकेतील हायस्कूलच्या खेळांत जेमतेम तीन लाख मुली होत्या, तर मुलांची संख्या साडेछत्तीस लाखांच्या घरात होती. 1972 मध्ये ‘टायटल नाइन’ हा कायदा आला, सरकारी मदत घेणाऱ्या शिक्षणसंस्थांना लिंगभेद करण्यास मनाई झाली, आणि आज ही मुलींची संख्या तीस लाखांहून अधिक आहे.

कायद्याच्या आधी जे करायचे ते घरालाच करावे लागे. टेनेसीमधील पॅट समिट यांचे उदाहरण मला फार मोलाचे वाटते. शेतकरी कुटुंबातली ही मुलगी मोठ्या भावांबरोबर गवताच्या कोठारात बास्केटबॉल खेळत वाढली. ती ज्या हायस्कूलमध्ये जाणार होती तिथे मुलींचा संघ नव्हता, म्हणून तिच्या वडिलांनी बिऱ्हाड शेजारच्या काउंटीत (आपल्याकडील जिल्ह्यासारख्या विभागात) हलवले, जेणेकरून तिला चीथम काउंटी हायस्कूलमध्ये खेळता यावे. शेतीवर पोट असलेल्या माणसाने एका मुलीच्या खेळासाठी घर हलवणे हे त्या काळात किती धाडसाचे होते, याची कल्पना करून पाहा. पुढे प्रशिक्षक म्हणून तिने टेनेसी विद्यापीठाला आठ राष्ट्रीय विजेतेपदे आणि 1,098 विजय मिळवून दिले. तिच्या वडिलांनी कोणत्याही शालेय संघाला प्रशिक्षण दिले नव्हते, तरीही त्या निर्णयाला मी शालेय खेळांतले योगदानच म्हणेन.

प्रश्न : अमेरिकेत स्थायिक झालेल्या माझ्या मुलीच्या सासरचे लोक दोन पिढ्या तेथील शाळेच्या संघांसाठी राबत आहेत, पण त्यांच्यापैकी कोणीही प्रसिद्ध नाही. शाळेच्या हॉल ऑफ फेमसाठी त्यांचे नाव सुचवायचे आहे. काय लिहावे?

उत्तर : अनेक शाळांमध्ये खेळाडू आणि प्रशिक्षकांबरोबरच साहाय्यक कार्यकर्त्यांसाठीही वेगळा विभाग असतो, तेव्हा आधी शाळेच्या क्रीडा संचालकांकडे त्या विभागाचे निकष आणि अर्जाचा नमुना मागावा. अर्जात ‘निष्ठेने सेवा केली’ अशी वाक्ये टाळून कोणी, कोणत्या वर्षापासून कोणत्या वर्षापर्यंत, कोणत्या खेळासाठी आणि नेमके काय केले ते लिहावे : स्कोअरबुक कोणी लिहिले, बूस्टर क्लबच्या म्हणजे पालकांच्या निधिसंस्थेच्या खात्याचा हिशेब कोणी ठेवला, धावण्याच्या स्पर्धांत वेळ कोणी नोंदवली, बाहेरगावच्या सामन्यांना मुलांना गाडीतून कोणी नेले. जुनी स्कोअरबुके, शाळेची वार्षिके आणि गावच्या वृत्तपत्रातील सामन्यांचे वृत्तान्त हे पुरावे कामी येतात. शक्य असल्यास त्यांच्या हाताखालून गेलेल्या, आता प्रौढ झालेल्या दोन-तीन खेळाडूंची पत्रे जोडावीत, आणि ते खेळाडू वेगवेगळ्या दशकांतले असावेत. निवड समितीला दोन पिढ्यांचे सातत्य त्यावरूनच दिसेल. घरातल्या ज्या स्त्रियांचे नाव कुठल्याही कागदावर आलेले नाही, त्यांच्याविषयी सासरच्या ज्येष्ठ मंडळींना आत्ताच विचारून टिपून ठेवा आणि अर्जात त्यांना स्वतंत्र परिच्छेद द्या.