शेअर तोच, कारण वेगळं

प्रिय,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र दोनदा वाचलं. चार पानांत टेस्लाचे शेअर ठेवण्याची नऊ कारणं मोजली. विकण्याचं एकच होतं, तेही शेवटी, जाता जाता लिहिल्यासारखं: रात्री दोन-तीनदा उठून मोबाइलवर भाव बघितला जातो. तिथेच मी पेन्सिलीनं खूण केली.

टेस्लाचे शेअर घेतलेस तेव्हा मला काय सांगितलं होतंस, आठवून बघ. 'मॉडेल ३' लाखांनी बनतेय, बॅटरी दरवर्षी स्वस्त होतेय, जुन्या कंपन्या अजून पेट्रोलमध्ये अडकल्यात. गाड्या खपतील, नफा वाढेल, शेअर वर जाईल. सरळ हिशोब होता आणि मला पटलाही होता. आताच्या पत्रात गाड्यांवर जेमतेम दोन ओळी आहेत. बाकी सगळं चालकाविना धावणाऱ्या टॅक्सी आणि यंत्रमानव. शेअर तोच आहे, पण तो हातात असण्याचं कारण मधल्या मधे बदललं. कधी बदललं, हे तुला सांगता येईल का? मला तरी तुझ्या पत्रात सापडलं नाही.

गाड्यांची बाजू आधी बघू. कंपनीनं 2023 मध्ये सुमारे 18.1 लाख गाड्या ग्राहकांच्या हाती दिल्या, 2024 मध्ये 17.9 लाख. वर्षाचा आकडा आधीच्या वर्षापेक्षा खाली येण्याची ही बऱ्याच वर्षांतली पहिलीच वेळ. किमती उतरवून विक्री टिकवायची म्हटलं की मार्जिनला कात्री लागते: 2022 मध्ये ग्रॉस मार्जिन (उत्पादनाचा खर्च वजा जाता विक्रीतून उरणारा हिस्सा) 25 टक्क्यांच्या वर होतं, 2024 मध्ये 18 च्या आसपास. त्या वर्षीचा निव्वळ नफा साधारण 7.1 अब्ज डॉलर. दुसरीकडे, धूर सोडणाऱ्या गाड्या विकणाऱ्या कंपन्यांना नियम पाळण्यासाठी जी क्रेडिट्स विकत घ्यावी लागतात, त्यातून टेस्लाला 2.76 अब्ज डॉलरचं उत्पन्न झालं. त्यावर खर्च जवळपास नसतोच. हे उत्पन्न सरकारी नियमांवर उभं आहे, आणि सरकार बदललं की नियमही बदलतात. अमेरिकेत ग्राहकाला मिळणारी 7,500 डॉलरची करसवलत 30 सप्टेंबर 2025 नंतर बंद झालीच की.

आता भाव बघ, स्प्लिट (एका शेअरचे तुकडे करून जास्त शेअर करणं) जमेस धरून. 2021 च्या नोव्हेंबरात 400 डॉलरच्या वर, 2023 च्या जानेवारीत 110 च्या खाली, 2024 च्या डिसेंबरात 480 च्या घरात, आणि पुढच्या वसंतात पुन्हा त्याच्या निम्म्यावर. 2023 आणि 2024 मध्ये गाड्या जवळपास तेवढ्याच गेल्या, शेअर मात्र चौपटीच्या वर गेला. म्हणजे बाजार गाड्यांना भाव देत नव्हता, उद्याच्या वचनाला देत होता. ते वचन पुरं होणारच नाही असं मी म्हणत नाही. 2010 मध्ये 17 डॉलरला हा शेअर बाजारात आला, तेव्हा हसणाऱ्यांत मीही होतो. पुढच्या दोन स्प्लिटनंतर त्या एका शेअरचे पंधरा झाले. त्यामुळे या कंपनीबद्दल भविष्य सांगायची माझी लायकी नाही. पण तू नक्की कशावर पैसे लावलेत, हे तुला माहीत हवं.

माझी स्वतःची फजिती तुला कधी सांगितली नव्हती. विजेवरच्या ट्रकची एक कंपनी होती. नाव लिहीत नाही, आता ती उरलीही नाही. घेतली तेव्हा कारण होतं कारखाना. कारखाना रखडला तेव्हा कारण झालं ऑर्डर्स. ऑर्डर्स पोकळ निघाल्या तेव्हा वाटलं, कुणीतरी मोठी कंपनी हिला विकत घेईल. दर वेळी खाली आली की मी अ‍ॅव्हरेज करत, म्हणजे पडत्या भावात आणखी घेत गेलो आणि त्याला 'विश्वास' म्हणत गेलो. दिवाळखोरीची बातमी वाचली त्या सकाळी माझ्याकडे चौथं कारण तयार होतं!

विकणं म्हणजे कंपनीवर अविश्वास, असंही तुझ्या पत्रात डोकावतं. वॉरन बफे यांच्या बर्कशायर हॅथवेनं 2008 मध्ये बीवायडी या चिनी वाहन कंपनीचे साडेबावीस कोटी शेअर सुमारे 23 कोटी डॉलरला घेतले आणि जवळपास चौदा वर्षं हात लावला नाही. मग 2022 च्या ऑगस्टपासून टप्प्याटप्प्यानं विकायला सुरुवात केली. त्याच काळात बीवायडीची विक्री, प्लग-इन हायब्रिड (चार्ज होणारी बॅटरी आणि इंजिन दोन्ही असलेल्या गाड्या) धरून, 2022 मधल्या सुमारे 18.6 लाखांवरून 2024 मध्ये 42 लाखांच्या पुढे गेली. धंदा जोरात चालू असतानाही लोक शांतपणे बाहेर पडतात.

तुझ्या बाबतीत मी काय करीन, ते स्पष्ट लिहितो. निम्मी बचत एका शेअरमध्ये आहे हे तू कंसात लिहिलंस, ते पत्राच्या पहिल्या ओळीत हवं होतं. तो वाटा बचतीच्या दहाव्या हिश्शावर आण. एका दिवसात नको, तीन-चार टप्प्यांत, तारखा आधी ठरवून. त्या तारखेला भाव वर असो वा खाली, विकायचं. कराचा हिशोब जाणकाराकडून करून घे, त्यात मी पडत नाही. तुझा खरेदीचा भाव मात्र या सगळ्यात आणू नकोस, बाजाराला तो माहीत नाही.

उरलेला दहावा हिस्सा खुशाल ठेव. तो टॅक्सी आणि यंत्रमानवावरचा डाव आहे असं एका कागदावर लिहून ठेव, आणि कोणत्या वर्षापर्यंत काय दिसलं नाही तर तोही विकायचा, ते खाली लिही. त्या कागदाचा फोटो मला पाठव, म्हणजे पुढं तुला चौथं कारण सुचलं की मी तो परत पाठवीन.

पुढच्या तिमाहीचे निकाल येतील त्याच्या आधीच पहिला टप्पा उरकून टाक. निकालाच्या रात्री फोन केलास तर मी उचलणार नाही, झोपलेला असेन.

तुझा,
काका