इचिजोदानीत ‘फक्त दरवाजा’ उरलाय?

‘जपानमधल्या फुकुईजवळच्या इचिजोदानीत आसाकुरा घराण्याच्या वाड्याचा फक्त दरवाजा उरलाय, मग एवढ्या लांब कशाला जायचं?’ असं तुम्ही विचारलंय. पण तो दरवाजा आसाकुरांचा, म्हणजे इथे राज्य करणाऱ्या त्या सरदार घराण्याचा, नाहीच! १५७३ साली त्यांचा शत्रू सरदार ओदा नोबुनागा याच्या फौजेने अख्खं गाव जाळलं. लाकडी दरवाजा त्यातून वाचेल कसा? पुढे वाड्याच्या जागी घराण्याचा शेवटचा प्रमुख आसाकुरा योशिकागे याच्या नावाने देऊळ झालं, त्याचा तो दरवाजा. त्यावर आसाकुरांचं चिन्ह कोरलंय, म्हणून लोक फसतात. दुसऱ्या बाजूला नोबुनागानंतर सत्तेवर आलेल्या तोयोतोमी घराण्याचंही चिन्ह आहे, पण मागे वळून बघतो कोण! फोटोखाली ‘सामुराई वाड्याचा दरवाजा’ वाचलं की माझं डोकंच उठतं.

वाडा पायाखाली आहे. साधारण साडेसहा हजार चौरस मीटर जागा; तीन बाजूंना मातीचा तट आणि खंदक, चौथ्या बाजूला डोंगर. आत सपाट दगड एका ओळीत दिसतील. त्या प्रत्येकावर एकेक खांब उभा होता. कोपऱ्यातल्या दगडापासून चालायला लागा आणि ओळ कुठे वळते ते बघा, म्हणजे खोल्या उलगडतात. वाड्याबाहेरच्या वस्तीत घराघरातली विहीर आणि सांडपाण्याचं दगडी गटारही सापडतं. दगडांनी बांधलेले छोटे चौकोनी खड्डे कसले, हे कोडंच होतं. एकात संडासात बसताना समोर येते ती लाकडी फळी मिळाली आणि वाद मिटला. जमिनीत रांगेने पुरलेले मोठे रांजण दिसले, की रंगाऱ्याचं घर असा अंदाज बांधतात. मात्र नुसत्या रांजणावरून ठरवू नका, साठवणीचेही असू शकतात.

हे सगळं टिकलं, कारण जळाल्यावर तिथे पुन्हा शहर वसलंच नाही. कारभार कितानोशोला, म्हणजे आजच्या फुकुई शहरात गेला आणि इथे भातशेती झाली. १९६७ पासून खोदकाम चालू आहे. आधी गाव जळालं म्हणून हळहळायचं आणि मग उरलेल्या जोत्यांना ‘नुसते दगड’ म्हणायचं, हे मला पटत नाही.

हां, पुन्हा उभारलेली सुमारे दोनशे मीटरची गल्ली आहे, तिथल्या भिंती-छपरं नवी आहेत. खालचे दगड तेवढे जुने. हिवाळ्यात मात्र जाऊ नका, बर्फाखाली यातलं काहीच दिसत नाही. आणि स्टेशनजवळ आहे ते संग्रहालय. वाडा तिथून दोन किलोमीटरहून जास्त आत आहे. परतीच्या गाडीची वेळ आधी बघून ठेवा, गाड्या फार कमी आहेत.