घरी ५५ इंची फोर-के टीव्ही असताना सिनेमासाठी थिएटरला जाण्यात अर्थ आहे का?

तुम्ही लिहिलंय की टीव्ही ५५ इंची फोर-के आहे, सोफा दहा फुटांवर आहे, संवाद नीट ऐकू येत नाहीत म्हणून साउंडबार घ्यायचा विचार आहे आणि तिकिटांचा खर्च आता जड वाटतो.

थिएटरला जाण्यात अर्थ आहे, पण प्रत्येक चित्रपटासाठी नाही. त्याआधी घरचा टीव्ही नीट लावून घ्या. बहुतेक घरांत टीव्ही चांगला असतो, पण त्याचं सेटिंग कारखान्यातून आलं तसंच राहिलेलं असतं.

तुलना कशाशी करायची ते आधी ठरवू. चित्रपटाचं शेवटचं कलर ग्रेडिंग (रंग-उजेड ठरवणं) आणि ध्वनिमिश्रण अंधाऱ्या खोलीत होतं. पडद्यावरचा पांढरा रंग ४८ निट्सला (निट हे पडद्याच्या उजळपणाचं माप) बांधलेला असतो. मिक्सिंग करणारा पडद्यापासून साधारण दोन-तृतीयांश अंतरावर, मधोमध बसतो. पडद्यामागच्या प्रत्येक चॅनेलची संदर्भ पातळी ८५ डेसिबल असते आणि दणके १०५ पर्यंत जाऊ शकतात. थिएटर काय किंवा तुमचा हॉल काय, दोन्ही त्या खोलीच्या जितकं जवळ जातील तितका चित्रपट करणाऱ्यांनी पाहिला-ऐकला तसा तुम्हाला मिळेल. मी तरी घर आणि थिएटर याच मापाने मोजतो.

४८ निट्स हा आकडा फार लहान आहे. साधा टीव्हीसुद्धा ३०० सहज देतो. तरी थिएटरमधलं चित्र फिकं वाटत नाही, कारण डोळे अंधाराला सरावलेले असतात. म्हणून घरी पहिला खर्च खिडक्यांच्या जाड पडद्यांवर करा. ट्यूबलाइट लावून पाहिलेल्या चित्रपटात रात्रीचे प्रसंग वाया जातात, टीव्ही कितीही महाग असो. पूर्ण अंधारात डोळे दुखत असतील तर टीव्हीच्या मागे भिंतीवर ६५०० केल्विनची मंद एलईडी पट्टी लावा. दिवा समोर किंवा डोक्यावर नको.

आता अंतर. ५५ इंची पडदा सुमारे १२२ सेंटिमीटर रुंद असतो. दहा फुटांवरून तो तुमच्या नजरेत जेमतेम २३ अंश व्यापतो. चित्रपटासाठी ३० ते ४० अंश हवेत. सोपा हिशोब असा: टीव्हीच्या इंचांना १.६ ने गुणलं की ३० अंशांसाठीचं अंतर इंचांत मिळतं, १.२ ने गुणलं की ४० अंशांचं. तुमच्यासाठी ते साडेसात ते साडेपाच फूट येतं. नवा ७५ इंची टीव्ही घेण्याआधी चित्रपटापुरता सोफा सात फुटांवर ओढून बघा, फुकटात बराच फरक पडेल. सिनेमास्कोप चित्रपटांचं रुंदी-उंचीचं प्रमाण २.३९ असतं, त्यामुळे वर-खाली काळ्या पट्ट्या येऊन तुमच्या टीव्हीवर चित्राची उंची फक्त ५१ सेंटिमीटर उरते. मोठ्या दृश्यांचे चित्रपट दहा फुटांवरून खुजे वाटतात ते यामुळे.

सेटिंगमध्ये सर्वांत मोठा शत्रू म्हणजे मोशन स्मूदनिंग. चित्रपट सेकंदाला २४ फ्रेमचा असतो. टीव्ही मधल्या फ्रेम स्वतः तयार करून घुसवतो आणि मग कोणताही चित्रपट दुपारच्या मालिकेसारखा गुळगुळीत दिसू लागतो. सॅमसंगवर हे पिक्चर क्लॅरिटी किंवा ऑटो मोशन प्लस या नावाने सापडेल, एलजीवर ट्रूमोशन, सोनीवर मोशनफ्लो. ते बंद करा. त्यानंतर पिक्चर मोड ‘फिल्ममेकर’ निवडा. तो नसेल तर ‘सिनेमा’ किंवा ‘मूव्ही’. पहिले दोन दिवस चित्र पिवळसर वाटेल. ते बरोबर आहे, दुकानातला ‘व्हिव्हिड’ मोड निळा असतो आणि आपल्या डोळ्यांना त्याची सवय लागलेली असते. शार्पनेस सॅमसंग आणि एलजीवर शून्याकडे न्या. सोनीवर मात्र ५० हाच मधला बिंदू आहे, तिथे शून्य केलंत तर चित्र धूसर होईल. खोलीच्या उजेडानुसार प्रकाश बदलणारा इको सेन्सर बंद ठेवा, नाहीतर अंधार केल्यावर तोच चित्र काळवंडून टाकतो. शेवटी चित्राच्या कडा कापल्या जात नाहीत ना ते बघा: एलजीवर ‘जस्ट स्कॅन’, सॅमसंगवर ‘फिट टू स्क्रीन’. एवढं करून कॅमेरा आडवा फिरताना चित्र अडखळत असेल, तर ६० हर्ट्झच्या पॅनेलवर एक फ्रेम दोनदा आणि पुढची तीनदा दाखवली जातेय. बाहेरची स्टिक किंवा बॉक्स वापरत असाल तर त्यात मूळ फ्रेम रेट जुळवण्याचा पर्याय चालू करा.

याच ओघात एक विनंती. प्रभातचे १९३०-४० च्या दशकांतले चित्रपट जवळजवळ चौकोनी चौकटीत, १.३७ प्रमाणात चित्रित झालेत. ते पडदाभर ताणून बघू नका. माणसं बुटकी आणि गोल दिसतात, चौकटीची सगळी मांडणी मोडते. टीव्हीचं आस्पेक्ट ‘४:३’ किंवा ‘ओरिजिनल’ करा आणि डाव्या-उजव्या काळ्या पट्ट्या खुशाल राहू द्या. यूट्यूबवर कोणी आधीच ताणून चढवलेली प्रत असेल तर दुसरी शोधा.

एचडीआरबद्दल, म्हणजे उजळ आणि अंधाऱ्या भागांतला फरक जास्त दाखवणाऱ्या चित्राबद्दल. घरच्या एचडीआर प्रतीचं ग्रेडिंग वेगळं होतं, बऱ्याचदा १००० निट्सच्या हिशोबाने. स्वस्त टीव्हीवर ‘एचडीआर सपोर्ट’ असं लिहिलेलं असतं, पण पॅनेल ३०० निट्सच देतं. मग टीव्ही सगळं चित्र दाबून बसवतो आणि अंधारे प्रसंग आणखी अंधारे होतात. अशा वेळी डायनॅमिक टोन मॅपिंग चालू करा, किंवा एचडीआर बंद करून साधी प्रत पाहा. चांगला ओएलईडी असेल तर मात्र काळ्या रंगात घरचं चित्र साध्या मल्टिप्लेक्सला हरवतं. ओएलईडीचा काळा पिक्सेल पूर्ण विझतो. प्रोजेक्टरचा काळा नेहमी थोडा राखाडीच असतो.

पिक्सेलांच्या संख्येतही थिएटर पुढे आहे असं समजू नका. अजून अनेक पडद्यांवर टू-के प्रोजेक्टर आहेत, म्हणजे २०४८ बाय १०८०. थिएटर पुढे असतं ते फाइलच्या दर्जात. तिथे प्रत्येक फ्रेम स्वतंत्रपणे जेपेग २००० मध्ये बांधलेली असते आणि सेकंदाला २५० मेगाबिटपर्यंत डेटा येतो. ओटीटीच्या फोर-केसाठी १५ मेगाबिटचं कनेक्शन पुरेसं मानलं जातं. धुकं, पाऊस, उडणारी धूळ, संध्याकाळचं आकाश अशा दृश्यांत चित्रावर ठोकळे किंवा रंगाचे पट्टे दिसतात ते त्यामुळे. तुमच्या हातात इतकंच आहे की राउटर ते टीव्ही लॅन केबल टाकायची आणि प्लॅन तपासायचा. नेटफ्लिक्सचा मोबाइल प्लॅन ४८० पीच देतो. फोर-के फक्त प्रीमियममध्ये आहे. लॅपटॉप एचडीएमआयने टीव्हीला जोडून ब्राउझरमधून चित्रपट लावलात तर कॉपीसंरक्षणाच्या नियमांमुळे दर्जा बहुधा खाली उतरतो. टीव्हीतलंच ॲप वापरा.

आवाजात घर खरं मागे पडतं. टीव्हीचे स्पीकर खाली किंवा मागे तोंड करून असतात. ५.१ मिश्रणात (पाच स्पीकर आणि एक सबवूफर, म्हणजे बासचा स्पीकर) संवाद बहुतांशी मधल्या चॅनेलमध्ये असतात आणि टीव्ही तो चॅनेल डाव्या-उजव्यात मिसळून टाकतो. शिवाय रात्री घरच्यांची झोप मोडू नये म्हणून आपण आवाज कमी ठेवतो, तेव्हा हळू संवाद आणखी हळू होतात आणि मारामारी आली की रिमोट शोधावा लागतो. यावर पैसे न घालवता आधी हे करा: ॲपमधल्या ऑडिओच्या यादीत ‘५.१’ लिहिलेला ट्रॅक सोडून साधा ट्रॅक निवडा, आणि टीव्हीत ‘नाइट मोड’ किंवा संवाद ठळक करणारा पर्याय चालू करा.

साउंडबार घ्याल तर किमान ३.१ घ्या. त्यातला ‘३’ म्हणजे डावा, उजवा आणि मधला स्वतंत्र स्पीकर, आणि तुमची तक्रार नेमकी मधल्याबद्दल आहे. मोठ्या वूफरचा २.१ बार आणलात तर दणके वाढतील, संवाद तसेच राहतील. बार एचडीएमआयच्या आर्क किंवा ईआर्क लिहिलेल्या पोर्टलाच जोडा. ऑप्टिकल केबलमधून ओटीटीचं डॉल्बी ॲटमॉस (डोक्यावरूनही येणारा आवाज) जात नाही, आणि ब्लूटूथने ओठ आणि आवाज यांत अंतर पडतं. एचडीएमआयवरही अंतर वाटलं तर टीव्हीच्या ‘ऑडिओ डिले’मध्ये थोडं थोडं बदलून जुळवा. बार टीव्हीच्या कडेखाली खोल कप्प्यात ठेवू नका, त्याचं तोंड कानाकडे मोकळं हवं.

सबवूफर कोपऱ्यात ढकलला की घुमतो. जागा शोधायची जुनी रीत चांगली आहे: सबवूफर उचलून तुमच्या बसायच्या जागी ठेवा, बास असलेलं गाणं लावा आणि भिंतीलगत खाली वाकून फिरा. जिथे बास सगळ्यांत एकसारखा आणि स्वच्छ ऐकू येईल तिथे सबवूफर ठेवायचा. आपल्या फ्लॅटमध्ये आणखी एक अडचण असते. गुळगुळीत फरशी, सिमेंटच्या भिंती आणि काचेच्या खिडक्या, सगळ्यावरून आवाज उसळून परत येतो आणि शब्द एकमेकांत मिसळतात. टीव्ही आणि सोफा यांच्यामध्ये जाड सतरंजी किंवा गालिचा घाला, खिडकीला जड पडदा लावा. संवाद न कळण्याची निम्मी तक्रार इथेच संपते.

प्रोजेक्टरचा मोह असेल तर एक गणित लक्षात ठेवा. १०० इंची पांढऱ्या पडद्यावर ४८ निट्स मिळवायला खरे ४०० च्या थोडे वर लुमेन (प्रोजेक्टरच्या प्रकाशाचं माप) लागतात. म्हणजे पूर्ण अंधाऱ्या खोलीत खऱ्या १००० लुमेनचा प्रोजेक्टर भरपूर झाला. ऑनलाइन मिळणाऱ्या स्वस्त यंत्रांवर ‘९००० लुमेन’ लिहिलेलं असतं त्याला काही अर्थ नाही. फक्त ‘एन्सी’ किंवा ‘आयएसओ’ लुमेन बघा. आणि ‘फोर-के सपोर्ट’ नव्हे, ‘नेटिव्ह रिझोल्यूशन’ विचारा, ते बऱ्याचदा ७२० पी निघतं. खोलीत दिवसा उजेड येत असेल तर प्रोजेक्टर घेऊच नका, टीव्हीच बरा.

आता थिएटर. तिकीट काढताना चित्रपटाइतकाच पडदा निवडा. एकाच मल्टिप्लेक्समध्ये सहा पडदे असतात आणि ॲटमॉस एखाद-दोनमध्येच असतं. खुर्ची मागच्या भिंतीपासून एक-तृतीयांश अंतराच्या आसपास, मधोमध घ्या. आवाज त्याच जागेवरून मिसळलेला असतो. अगदी मागच्या भिंतीला चिकटलेल्या रांगेत बास फुगतो आणि मागचे स्पीकर कानाशी येतात. अगदी पुढच्या रांगेत पडद्याची भोकं दिसू शकतात. ती आवाजासाठीच असतात, कारण संवादाचा स्पीकर पडद्यामागे असतो आणि म्हणूनच शब्द पात्राच्या तोंडून आल्यासारखा वाटतो. काही थ्रीडी सभागृहांत चंदेरी पडदा असतो. तिथे कडेला बसलात तर साध्या चित्रपटातही एक बाजू काळपट दिसते. थ्रीडीचा चष्मा आणि फिल्टर बराच प्रकाश खातात, त्यामुळे पर्याय असेल तर मी टूडीच सुचवेन. आयमॅक्ससाठी खास १.९० प्रमाणात चित्रित केलेले प्रसंग असतील तर मात्र जास्तीचे पैसे वसूल होतात, कारण तेवढ्याच रुंदीत चित्राची उंची सिनेमास्कोपपेक्षा चौथाईने वाढते.

थिएटरात बिघाडही होतात: चित्र अंधुक, एका बाजूचे स्पीकर बंद, फोकस किंचित हललेला, आवाज दबका. शेवटच्याचं कारण ठरावीक आहे. आवाजाची पातळी थिएटरच्या ध्वनियंत्रावर (प्रोसेसरवर) ७ ला ठेवायची असते. कोणी कर्कश वाटल्याची तक्रार केली की ती ५ पर्यंत उतरवतात आणि तशीच राहते. प्रोजेक्शनच्या खोलीत बहुधा कोणी बसलेलं नसतं, सगळं आपोआप चालतं, त्यामुळे सांगितल्याशिवाय कोणाला कळत नाही. पहिल्या दहा मिनिटांत बाहेर जाऊन ड्यूटी मॅनेजरला नेमकं सांगा: ‘मधला स्पीकर बंद आहे’, ‘डावी कडा फोकसमध्ये नाही’. मध्यंतरापर्यंत थांबलात तर अर्धा चित्रपट गेलेला असतो.

तर कुठे काय बघायचं? ज्या चित्रपटाचा आवाज हेच निम्मं काम करतो, म्हणजे युद्धपट, भयपट, शांततेवर उभे असलेले संथ चित्रपट, ते मी थिएटरलाच बघा असं म्हणेन. शांततेसाठी थिएटर हे विचित्र वाटेल, पण घरातल्या पंख्याची घरघर आणि रस्त्यावरचे हॉर्न यांत बारीक ध्वनी बुडतात. विनोदी चित्रपटही भरलेल्या सभागृहातच खुलतात, कारण विनोदानंतर हशासाठी सोडलेली जागा एकट्याने बघताना रिकामी वाटते. चार भिंतींतले संवादप्रधान चित्रपट, माहितीपट आणि दुसऱ्यांदा बघायचे चित्रपट घरी उत्तम. पुण्यात राहत असाल तर राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाचे खेळ बघत जा. जुने चित्रपट योग्य प्रमाणात, मोठ्या पडद्यावर मिळण्याच्या जागा मोजक्याच आहेत.

आणि वाट बघण्याबद्दल. मोठा हिंदी चित्रपट साधारण आठ आठवड्यांत ओटीटीवर येतो, तेव्हा ‘नंतर घरी बघू’ हे चालून जातं. मराठीचं तसं नाही. काही मराठी चित्रपट ओटीटीवर फार उशिरा येतात, काही येतच नाहीत, आणि पहिल्या शनिवार-रविवारी खुर्च्या रिकाम्या राहिल्या तर पुढच्या शुक्रवारी खेळ दुपारच्या अडनिड्या वेळेला जातात किंवा उतरतात. मराठी चित्रपट बघायचाय असं ठरलं असेल तर पहिल्याच शनिवार-रविवारचं तिकीट काढा.